लग्न झालंय का?

बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये रेंज जाते, निम्मा भाग अडकत अडकत ऐकावा लागतो, तर लिहूनही टाकत जा. म्हणून हा या भागाचा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते इथे घातलंय, आणि बोलताना मी जिथे उगाच घाईत होते तिथे जरा थांबलेय.

हा भाग एका व्हॉइस नोटमुळे झाला. मुलुंडहून एका ताईंनी पाठवली होती. त्यांची परवानगी घेऊन सांगतेय, आणि ओळख पटेल असं काही सांगत नाहीये. नोट जेमतेम पाऊण मिनिटाची, मागे कुकरची शिट्टी. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही डेटिंगवर बोलता, ब्रेकअपवर बोलता, लिव्ह-इनवर बोलता. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली. एखाद्या रात्री मला नको असतं. तर मी नाही म्हणू शकते का? म्हणजे भांडून नाही, हक्काने. की लग्न झालं म्हणजे होकार एकदाच दिला आणि संपलं?

मी चार दिवस उत्तर दिलं नाही. कारण या शहरात प्रेमाबद्दल, शरीराबद्दल मला आजवर जो प्रश्न विचारला गेलाय, तो याच्या बरोब्बर उलटा होता.

कॉलेजात असतानाची गोष्ट. मी बोरिवलीची. तेव्हाचा मित्र अंधेरीचा. उपनगरातल्या एका बीचवर संध्याकाळी आम्ही दोघं बसलो होतो. नुसते बसलो होतो, खरंच. हातात भाजलेलं कणीस. एक हवालदार आला, त्याने काठी वाळूत टेकवली आणि विचारलं, "लग्न झालंय का?" मित्र घाबरून म्हणाला, "हो." हवालदाराने माझ्या गळ्याकडे बघितलं. "मग मंगळसूत्र कुठंय?" पुढे वडिलांचा नंबर मागणं, नाव लिहून घेण्याची धमकी, सगळं यथासांग झालं. सोडलं आम्हाला शेवटी. पण घरी येताना गर्दीच्या डब्यात उभी राहून मला एकच वाटत होतं: त्याने मला हे का नाही विचारलं की बाई, तू इथे तुझ्या मनाने आली आहेस ना? त्या मुलाने मला जबरदस्तीने आणलं असतं आणि आमचं लग्न झालेलं असतं, तर तो हवालदार सलाम करून गेला असता.

हे काही एका हवालदाराचं खूळ नव्हे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले आणि चाळीसेक जोडप्यांना उचललं. वयाने सज्ञान, खोली स्वतःच्या नावाने घेतलेली, दार आतून बंद. त्यांच्यावर लावलं ते पोलीस कायद्याचं कलम ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. दंड १२०० रुपये. बंद दाराआड सार्वजनिक ठिकाण कुठून आलं, हा प्रश्न वर्तमानपत्रांनी लावून धरला, बराच गदारोळ झाला, चौकशीचे आदेश निघाले. ज्या मुलींच्या घरी फोन गेले त्यांचं जे व्हायचं ते त्याआधीच होऊन गेलं होतं.

मग २०२१, लॉकडाऊननंतरचे दिवस. आमच्या बोरिवलीत चिकूवाडीतल्या एका सोसायटीच्या लोकांनी गेटसमोरच्या रस्त्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'नो किसिंग झोन'. संध्याकाळी बाइकवरून, गाडीतून जोडपी यायची आणि रहिवाशांना खिडकीतून ते बघावं लागायचं. फोटो देशभर फिरला, आपण सगळ्यांनी मीम शेअर केले, मीही केला. त्या रहिवाशांना मी खलनायक म्हणणार नाही. आपल्या घराच्या खिडकीतून काय दिसावं याबद्दल माणसाला मत असू शकतं. पण ही जोडपी रस्त्यावर का येतात? कारण या शहरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात. नवीन लग्न झालेल्यांनाही चाळीत पार्टिशनचा पडदा मिळाला तर नशीब. बँडस्टँडचे खडक, नॅशनल पार्क, गोराईची जेट्टी ही आपली जादा खोली आहे. ज्याला आपण नीतीचा प्रश्न म्हणतो त्यातला निम्मा प्रश्न स्क्वेअर फुटांचा असतो.

उरलेला निम्मा मात्र खरोखर नीतीचा आहे. कुठे केलं आणि लग्न झालंय का, हे दोन प्रश्न आपण विचारतो. त्यात दोघांची मर्जी होती का, हा प्रश्न कुठे गेला? तो या शहरात कुणी कधी विचारलाच नाही का? विचारला. आणि तो विचारणारी एक मुलगी होती, लग्न झालेली. त्यासाठी सव्वाशेहून जास्त वर्षं मागे जायला लागेल, अंधेरी-बोरिवली साष्टीतली गावं होती आणि मुंबई म्हणजे किल्ला, गिरगाव, भायखळा एवढीच होती तेव्हाची.

रखमाबाई. जन्म २२ नोव्हेंबर १८६४. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार जातीत तो चालत होता. सखाराम अर्जुन शिकलेले, वनस्पतिशास्त्रात रमणारे डॉक्टर. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी नावाच्या, वीसेक वर्षांच्या तरुणाशी झालं. पण त्या सासरी गेल्याच नाहीत, आई आणि सावत्र वडिलांच्या घरीच वाढल्या, वाचत राहिल्या. दादाजीने शिकावं, काही करावं अशी अपेक्षा होती. ते झालं नाही. तो मामाकडे राहायचा, तब्येत बरी नव्हती, आणि त्या घरचं वातावरण रखमाबाईंना नकोसं वाटत होतं.

१८८४ मध्ये दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला: माझी बायको मला द्या. कायद्याच्या भाषेत याला दांपत्याधिकारांची पुनःस्थापना म्हणतात. शब्द भारी आहे, अर्थ साधा. बायकोने नवऱ्याकडे जाऊन राहावं असा हुकूम कोर्टाने काढायचा.

रखमाबाईंचं उत्तर काय होतं? तो गरीब आहे, आजारी आहे, हे सगळं होतंच. पण त्याखाली एक वेगळी गोष्ट होती आणि तिच्यामुळेच खटला गाजला. हे लग्न मी केलेलंच नाही. मी अकरा वर्षांची होते, मला कुणी विचारलं नाही, आणि आता मी मोठी झालेय तर माझं उत्तर नाही असं आहे.

जरा थांबून बघा हे. लग्न झालंय का? हो, झालंय. सगळ्या विधींसकट झालंय. आणि तरीही नाही. हवालदाराच्या प्रश्नाला असं उत्तर त्याआधी कुणी कोर्टात उभं राहून दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ला निकाल दिला, रखमाबाईंच्या बाजूने. त्यांचं म्हणणं होतं की जिला नकळत्या वयात लग्नात दिलं, जी नवऱ्याबरोबर कधी राहिलेली नाही, तिला तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या हवाली करणं हे क्रूर आहे. आणि त्यांनी एक फार अडचणीची गोष्ट दाखवून दिली. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच. तो इंग्लंडमधल्या चर्चच्या कायद्यातून आलाय.

आता गंमत बघा. निकालावर गहजब झाला तो 'हिंदू धर्म बुडाला' म्हणून. टिळकांच्या 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. आणि ज्या हत्याराने धर्म वाचवायचा ते हत्यार होतं विलायती, तेही गंजलेलं. कारण दादाजीने दावा लावला त्याच १८८४ साली इंग्लंडने स्वतःकडे कायदा बदलला होता: असा हुकूम न पाळल्याबद्दल तिथे आता तुरुंग होणार नव्हता. हिंदुस्थानात मात्र तो व्हायचाच होता. लंडनच्या बायकोला जी सूट मिळाली ती गिरगावच्या बायकोला नाही.

दादाजीने अपील केलं. १८८६ मध्ये वरच्या पीठाने पिन्हींचा निकाल फिरवला आणि खटला परत पाठवला. ४ मार्च १८८७ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंग चालेल.

वय बावीस. मी बावीस वर्षांची असताना हवालदाराने वडिलांचा नंबर मागितला आणि मला रडू फुटलं होतं.

या सगळ्या काळात त्या नाव लपवून 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहीत होत्या, 'एक हिंदू स्त्री' या सहीने, बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याबद्दल. पुढे नेटवर एक गोष्ट फिरते की व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न मोडलं. फिल्मी आहे, म्हणून फिरते. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. २००० रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. म्हणजे तत्त्वाचा प्रश्न सुटला नाही, त्याची किंमत ठरली. रखमाबाई लंडनला गेल्या, वैद्यकीय शिक्षण घेऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. २५ सप्टेंबर १९५५ला नव्वदीत वारल्या. मधल्या काळात १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. त्या वादाला रखमाबाईंच्या खटल्याने हवा दिली होती, बंगालमधल्या फुलमणी या लहान मुलीच्या, नवऱ्याच्या हातून झालेल्या मृत्यूने तो पेटला. कायद्याने वय वाढवलं, दहावरून बारा. होय, बारा. आणि त्यालाही विरोध झाला.

रखमाबाईंनी नकाराचा हक्क मागितला. होकाराचं काय? ज्यांना हवं आहे, दोघांनाही हवं आहे, त्यांचं नक्की काय चुकतं? हा प्रश्न विचारणारा माणूस आणखी चाळीसेक वर्षांनी आला, आणि तोही याच शहरात.

रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १४ जानेवारी १८८२. वडिलांनी विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकलेला, तेव्हा रघुनाथ अकरा वर्षांचे होते. लोक काय म्हणतील याची भीती ज्या वयात बसते त्या वयात त्यांनी लोक काय काय म्हणतात हे ऐकून घेतलं होतं. गणिताचे प्राध्यापक. विल्सन कॉलेजात शिकवायचे आणि बाहेर संततिनियमनाचा प्रचार करायचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मेरी स्टोप्सचं लंडनमधलं प्रसिद्ध क्लिनिक त्याच वर्षीचं. त्याआधी पाच वर्षं मार्गारेट सँगरने न्यूयॉर्कमध्ये असंच केंद्र काढलं तेव्हा पोलिसांनी ते काही दिवसांत बंद पाडलं होतं. म्हणजे आपला हा गणिताचा मास्तर जगाच्या मागे नव्हता. १९२५ मध्ये कॉलेजची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १४ ऑक्टोबर १९५३ला मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं. जाहिराती नाहीत म्हणावं तितक्या, वर्गणीदार थोडे, पैसे स्वतःचे आणि पत्नी मालतीबाईंच्या कमाईचे. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत रोखठोक लेख आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. आपला क्यू अँड ए एपिसोडच म्हणा. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा सिनेमा त्यांच्यावर आहे, किशोर कदम आणि सीमा बिस्वास. ज्यांनी बघितला नाही त्यांनी बघा.

एक गोष्ट मला त्यांच्या सगळ्या लेखांपेक्षा मोठी वाटते. मूल होऊ द्यायचं नाही असं ठरल्यावर त्यांनी नसबंदी स्वतःची करून घेतली. आज, शंभर वर्षांनी, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१चा आकडा सांगतो की देशात विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि पुरुषांची नसबंदी हा उपाय ०.३ टक्के जोडप्यांत आहे. नीती म्हणजे काय यावर तासभर बोलता येतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पाच मिनिटांत काम होतं.

कर्व्यांची भूमिका सतत हीच: लैंगिक सुख स्वतःत वाईट नाही. भूक लागणं जसं वाईट नाही तसं. दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने ठेवलेल्या संबंधातून कुणाला इजा होत नसेल, नको असलेलं मूल जन्माला येत नसेल, रोग पसरत नसेल, तर तिसऱ्याने त्याला अनीती म्हणायचं कारण काय? वाईट कशाला म्हणायचं, तर इजेला. आणि मत्सर, 'माझी बायको' मधला तो 'माझी', हा प्रेमाचा पुरावा नसून मालकीची भावना आहे.

१९३१ मध्ये त्यांच्यावर पहिला खटला झाला, व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखाबद्दल. तक्रार पुण्याच्या सनातनी मंडळींची. दंड १०० रुपये. इथे एक विषयांतर करू द्या, कारण ते फार महत्त्वाचं आहे. त्या काळचं, आणि पुढे कितीतरी वर्षांचं, व्यभिचाराचं कलम ४९७ काय म्हणायचं? पुरुषाने दुसऱ्याच्या बायकोशी त्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवला तर गुन्हा. परत वाचा. संमती हा शब्द कायद्यात होता! फक्त ती नवऱ्याची होती. नवरा हो म्हणाला तर गुन्हा नाही. बाईचं मत कलमात कुठेच नाही, शेताच्या बांधाला मत असतं तेवढंच. सुप्रीम कोर्टाने हे कलम रद्द केलं २७ सप्टेंबर २०१८ला. तुमच्यातले बरेच जण तेव्हा इन्स्टाग्रामवर होते.

दुसरा खटला १९३४चा. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न विचारले, कर्व्यांनी सरळ उत्तरं दिली, आणि ती अश्लील ठरवून त्यांना पकडलं. या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांपुढे तेव्हा किती कामं होती ते वेगळं सांगायला नको. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकते मागे पडले होते. त्यांनी हे बारीक, बदनाम प्रकरण का घेतलं असेल? कारण त्यांना ते बारीक वाटलं नाही. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही. लोकांच्या मनात शंका आहेत, त्यात काही विकृत वाटतील अशाही असतील, पण त्या ज्ञानाने नाही जाणार तर कशाने जाणार? हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचं लेखन त्यांनी पुढे ठेवलं. ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाच्या बाजूने ठराव आणला, रोहम यांनी तो मांडला. त्यामागेही बाबासाहेबच होते. तोही मोठ्या फरकाने पडला. याच्या अलीकडे, १९३५च्या डिसेंबरात, मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटून गेली होती, आणि गांधीजींचा उपाय संयम हाच राहिला. म्हणजे देशातले दोन मोठे माणूस या एका प्रश्नावर पूर्ण विरुद्ध बाजूला होते. शाळेत हे कुणी शिकवलं नाही.

इथवर कर्व्यांचं कौतुक झालं. आता माझं त्यांच्याशी भांडण.

कर्वे गणिती होते आणि त्यांचं नीतिशास्त्रही समीकरणासारखं आहे. दोन सज्ञान व्यक्ती, दोघांची खुशी, इजा शून्य, म्हणून अनीती शून्य. उत्तर बरोबर आहे. पण समीकरणाच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन आहे हे त्यांनी धरून चाललं. मुलुंडच्या त्या ताईंच्या घरात ते आहे का? घर कुणाच्या नावावर आहे, माहेरी परत जायला जागा आहे का, नाही म्हटल्यावर दोन दिवस अबोला कोण धरणार आणि त्या अबोल्यात डबा कोण भरणार, हे सगळं 'खुशी' या शब्दाच्या मागे उभं असतं. बाई हो म्हणते तेव्हा तिला नाही म्हणता आलं असतं का, हे बघितल्याशिवाय त्या होकाराला अर्थ येत नाही. मुखपृष्ठावरच्या त्या नग्न बायकांना तरी कुणी विचारलं होतं, असाही प्रश्न माझ्या मनात येतो. हे कर्व्यांना कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. पण त्यांचा जोर इच्छेला लाज न वाटण्यावर होता. इच्छा नसण्याला लाज वाटू नये, हा जोर रखमाबाईंचा. आणि मला वाटतं, कर्व्यांचं वाक्य रखमाबाईंच्या वाक्यानंतर वाचायला हवं, आधी नाही.

काही श्रोते लगेच लिहितील की मग काय दर वेळी स्टॅम्पपेपरवर सही घ्यायची का? प्रेमात इतकी चौकशी केली तर प्रेम उरेल का? खरं सांगू, हा आक्षेप मला पूर्वी पटायचा. पण आपण जेवायला बसलेल्या माणसाला 'अजून वाढू का' विचारतोच की. त्याने हात आडवा केला तर वाढपी थांबतो, 'घ्या हो' म्हणून आग्रह फार झाला तर पाहुणा ताटावर हात धरतो, आणि तरीही वाढलं तर त्याला आपल्याकडेही आदरातिथ्य म्हणत नाहीत. सही कुणी मागत नाही. हाताकडे बघावं लागतं, एवढंच.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं कायद्याचं उत्तर, जसं आहे तसं.

दादाजीने वापरला तो दावा अजून जिवंत आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. शरीर कधी आणि कुणाला द्यायचं हे सरकारने ठरवू नये, असा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात कलम टिकवलं. आता तुरुंग होत नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. ज्या इंग्लंडकडून आपण हे घेतलं त्यांनी ते १९७० च्या कायद्याने काढून टाकलं.

आणि बलात्काराच्या व्याख्येत नवऱ्याला सूट आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६३ मध्ये ती तशीच आली. बायको अठरा वर्षांच्या वरची असेल तर. दिल्ली हायकोर्टात मे २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, आणि त्यात नवऱ्याला सूट नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. म्हणजे कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही, पण छळ म्हणतो.

आणि हक्काचं उत्तर हवं असेल तर ते कायद्याच्या आधीचं आहे. हो. नाही म्हणता येतं. लग्नाने घर एक होतं, अंग एक होत नाही.

हे सगळं मी त्यांना रेकॉर्ड करून पाठवलं, अकरा मिनिटं झाली. त्यांचं उत्तर रात्री साडेअकराला आलं, टाइप केलेलं. आभार वगैरे नाही. विचारलं होतं, "त्या दादाजीचं पुढे काय झालं?"

मी लिहिलं की तो १९०४ मध्ये वारला. आणि मग जे सांगायचं की नाही असा विचार करत होते तेही लिहिलं. तो गेल्यावर डॉ. रखमाबाई विधवेसारखं पांढरं लुगडं नेसू लागल्या. ज्याला नवरा मानायला तुरुंगाची तयारी ठेवून नकार दिला, त्याच्यासाठी.

दोन मिनिटं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग एकच शब्द आला.

"का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते सांगा, व्हॉइस नोट पाठवा. जेवढ्या येतील तेवढ्या मी त्यांना ऐकवणार आहे.